तोंडाला वास येतो, पण मूळ नाकात आहे का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजार हे नाव कानावर पडले, की त्या शहराची मराठी ओळख पटते. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास जिथे फौजेची छावणी दिली, त्या जागेचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. महादजी शिंदे यांचे सेनानी जिवबादादा केरकर हे पेडणे तालुक्यातील केरीचे. त्यामुळे गोमंतकीयांनाही हा मुलूख अगदीच परका नाही.

अशा बाजारातील एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला पन्नाशीचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. गिऱ्हाईक भाव विचारते आणि बोलता बोलता अर्धे पाऊल मागे सरते. हिशेब सांगायला वाकलेला मुलगा मान वळवतो. गृहस्थाच्या खिशात वेलची आहे, लवंग आहे, बडीशेपेची पुडी आहे. तो दिवसातून तीनदा दात घासतो, तऱ्हेतऱ्हेच्या चुळा भरतो, तरी तासाभराने वास परत येतो. सकाळी नाक चोंदलेले असते, दिवसभर घशात काहीतरी ओघळत असल्यासारखे वाटते आणि तो सारखा खाकरतो. पण या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल असे त्याला कोणी सांगितलेले नाही. हळूहळू तो गिऱ्हाइकाशी कमी बोलू लागतो, लग्नकार्यात मागच्या खुर्चीवर बसतो.

हे चित्र कोणा एकाचे नाही. पणजीच्या कचेरीत, म्हापशाच्या बाजारात, फोंड्याच्या शाळेतही ते दिसू शकते. मुखदुर्गंधीने जीव जात नाही, पण माणूस माणसांतून उठतो. आणि त्यातले बरेचसे दुःख टाळता येण्यासारखे असते, कारण बहुतेक वेळा चूक उपचाराच्या निवडीत नसते, ती उगमाच्या शोधात असते. वास कुठून येतो हे न पाहताच तो झाकण्याचे उपाय सुरू होतात.

वास तयार कसा होतो?

तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू कायम वस्तीला असतात. त्यांतील काहींना प्राणवायू मानवत नाही. जिभेच्या मागच्या भागावरील खाचखळगे, दातांमधील फटी, हिरड्यांखालची पोकळ जागा ही त्यांची आवडती ठिकाणे. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी, लाळ आणि श्लेष्मा यांतील प्रथिनांचे ते विघटन करतात. त्यातून गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्याचा वास असतो, तर मिथाईल मर्कॅप्टनला कुजलेल्या कोबीसारखा. दुर्गंधीचा मुख्य भार या दोन वायूंवर असतो.

दीर्घकाळ टिकणाऱ्या मुखदुर्गंधीचे कारण दहांपैकी आठ ते नऊ रुग्णांमध्ये तोंडातच सापडते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. जिभेवरचा थर, हिरड्यांचा आजार, किडलेला दात आणि कोरडे तोंड ही नेहमीची कारणे. त्यानंतर क्रम लागतो तो नाक, सायनस आणि घशाचा. ‘पोट साफ नाही म्हणून वास येतो’ हा समज घरोघरी असला, तरी जठर आणि तोंड यांमधील अन्ननलिका एरवी मिटलेली असते; त्यामुळे पोटातून सतत वास येणे हे फार क्वचित घडते.

म्हणजे नाकाचा वाटा लहान आहे. पण ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याची फरफट मोठी होते. तो दात घासत राहतो आणि रोग मात्र दातांच्या वर, हाडाच्या पोकळीत मुक्काम ठोकून असतो.

चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्या

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या असतात: गालांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या पार मागे. त्यांतील सर्वांत मोठी पोकळी गालाच्या हाडात असते. प्रौढ माणसात तिच्यात साधारण पंधरा मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाणी मावेल.

या पोकळ्यांच्या आतील अस्तर सतत पातळ श्लेष्मा तयार करते. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात आणि ते एका लयीत हलून हा श्लेष्मा नाकाकडे ढकलतात. निरोगी माणसाच्याही नाकातून रोज बराच श्लेष्मा घशात उतरतो आणि नकळत गिळला जातो. श्वासातील धूळ, परागकण आणि जंतू त्यात अडकून बाहेर पडतात. शरीराची ही केरवारे करण्याची व्यवस्थाच म्हणावी.

अडचण अशी, की गालातील पोकळीचे दार तळाशी नसून वरच्या अंगाला आहे. तळाशी भोक असते तर सगळे आपोआप खाली गळून गेले असते. वर असल्यामुळे श्लेष्मा चढावर वाहून न्यावा लागतो आणि ते काम त्या सूक्ष्म केसांवर सोपवलेले आहे. सर्दीने, ॲलर्जीने किंवा धुरळ्याने अस्तर सुजले, दार बंद झाले किंवा केस मंदावले, की श्लेष्मा आत साचतो. साचलेल्या डबक्यातील प्राणवायू संपतो आणि प्राणवायू नको असलेल्या जिवाणूंचे तिथे फावते. वासाचा आरंभ तिथे होतो.

सर्दीनंतरची अशी सूज बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत उतरते. नाक चोंदणे, घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणे आणि वास कमी कळणे यांपैकी दोन किंवा अधिक लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकली, त्यांत चोंदणे वा स्राव असला आणि तपासणीतही खूण सापडली, तर त्याला दीर्घकालीन सायनुसायटिस म्हणतात. मुखदुर्गंधी या चार मुख्य लक्षणांत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९९७ मध्ये केलेल्या व्याख्येत तिचे नाव दुय्यम लक्षणांच्या यादीत होते. म्हणून केवळ वास येतो एवढ्यावरून ‘मला सायनस आहे’ असे ठरवणे चूक. आणि वासाबरोबर ही मुख्य लक्षणे असताना फक्त दातांकडे पाहत राहणे हीही तेवढीच मोठी चूक.

नाकातून तोंडाकडे येणाऱ्या वाटा

सायनसचा विकार श्वासापर्यंत तीन-चार वाटांनी पोचतो. पहिली वाट सरळ आहे: पोकळीतील पुवाचा वास नाकावाटे बाहेर येतो. दुसरी वाट घशातून जाते. घट्ट झालेला स्राव नाकाच्या मागून जिभेच्या मुळाशी उतरतो आणि तिथल्या जिवाणूंना प्रथिनांचा आयता शिधा मिळतो. जीभ कितीही घासली तरी दोन तासांनी थर पुन्हा जमतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

तिसरी वाट कोरडेपणाची. नाक बंद असले की माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो. लाळ ही तोंडाची नैसर्गिक धुलाई आहे. ती आटली की वास वाढतो. चौथी वाट औषधांची. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, विशेषतः झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, तोंड आणखी कोरडे करतात. म्हणजे नाकासाठी घेतलेली गोळीच श्वासाचा वास वाढवू शकते.

धूळ आणि दमट हवा

पाटणकर बाजारातील गृहस्थाच्या नाकाला त्याच्या शहराची हवाही नडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या आकडेवारीत हवेतील अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे पीएम २.५ चे, ग्वाल्हेरमधील वार्षिक प्रमाण घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम इतके नोंदले गेले होते. इराणमधील झाबोलनंतर त्या यादीत ग्वाल्हेरचाच क्रमांक होता. भारताने ठरवलेली वार्षिक मर्यादा ४० आहे. पुढील काळात आकडे आणि क्रम बदलले, पण उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जाणारा पारा, कोरडी लू आणि धुरळा, तर हिवाळ्यात थंडी आणि धुके हे तिथले ऋतुचक्र कायम आहे. कोरड्या हवेत श्लेष्मा घट्ट होतो आणि धुरळ्याने अस्तर चिडते.

गोव्याची तऱ्हा उलट आहे. इथे धुरळ्याऐवजी ओल नडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतींवर, कपाटांत आणि गाद्यांत बुरशी धरते. दमट बिछान्यात वाढणारे धुळीतील सूक्ष्म किडे ॲलर्जीला निमंत्रण देतात. बाहेरच्या उकाड्यातून वातानुकूलित कचेरीत आणि परत अशी ये-जा ज्यांच्या नाकाला सोसत नाही, त्यांचे चोंदलेले नाक बारमाही होते. ग्वाल्हेरचे नाक कोरडेपणाने तुंबते, गोव्याचे ओलीने. मात्र दोन्हीकडे पुढची साखळी सारखीच असते.

तंबाखू आणि गुटखा यांनी हिरड्या बिघडतात, तोंड कोरडे पडते, आणि धूर ओढणाऱ्याच्या नाकातील ते सूक्ष्म केसही मंदावतात. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. पण बंदी दुकानाला लागू होते. सवय सोडवायला स्वतंत्र मदत लागते.

घरच्या घरी पारख

स्वतःच्या श्वासाचा वास स्वतःला नीट कळत नाही. नाकाला सतत येणाऱ्या वासाची सवय होते आणि मेंदू त्याची दखल घेणे थांबवतो. तळहातावर फुंकून हुंगण्याची पद्धत म्हणून फारशी कामाची नाही. त्याऐवजी घरातील विश्वासाच्या माणसाची मदत घ्यावी. सकाळी नव्हे, तर जेवणानंतर दोन-तीन तासांनी, वेलची-चूळ काहीही न घेता ही पारख करावी.

आधी नाक चिमटीत धरून तोंडाने हळू श्वास सोडावा आणि दुसऱ्याने वीतभर अंतरावरून वास घ्यावा. मग ओठ घट्ट मिटून नाकाने श्वास सोडावा आणि पुन्हा तेच करावे. वास फक्त तोंडाच्या श्वासाला असेल, तर उगम बहुधा जीभ, हिरड्या किंवा टॉन्सिल. फक्त नाकाच्या श्वासाला किंवा त्याला अधिक असेल, तर नाक-सायनसकडे बोट जाते. दोन्हींना सारखाच असेल, तर फुप्फुस, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृत यांचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. ही पारख म्हणजे निदान नव्हे. कोणत्या डॉक्टरांचे दार आधी ठोठवायचे, एवढे तिच्यावरून ठरते.

टॉन्सिलच्या खाचांत जमणारे पांढरट खडे हेही एक दुर्लक्षित कारण आहे. खाकरताना तांदळाच्या दाण्याएवढा, चुरगळला तर अतिशय घाण वास येणारा खडा पडला, तर तो सायनसमधून आलेला नसतो.

वास एकाच बाजूने येत असेल तर

सर्वांत जास्त लक्ष देण्याजोगी खूण ही आहे. ॲलर्जीची किंवा सर्दीची सूज सहसा दोन्ही बाजूंना असते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, पिवळसर स्राव येत असेल, तर मूळ वरच्या दाढेत असण्याची शक्यता बरीच असते.

वरच्या दाढांची मुळे गालातील पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. काही जणांत मध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. दाढेच्या मुळाशी पू झाला, रूट कॅनालनंतर संसर्ग राहिला किंवा दाढ काढताना तळाला भोक पडले, तर तोंडातील जंतू थेट सायनसमध्ये पोचतात. अशा वेळी दात दुखेलच असे नाही, आणि म्हणूनच दाताचा संशयही येत नाही. चूळ भरताना पाणी नाकातून आले, तर तोंड आणि सायनस यांमध्ये भोक असल्याची ती उघड खूण समजावी. काही रुग्णांना स्वतःला आतून कुजका वास येतो, पण शेजारच्याला येत नाही. तीही तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावू नये.

दात आणि सायनस यांचा हा शेजार नवा शोध नाही. इंग्लंडमधील वैद्य नथानिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये गालातील पोकळीचे तपशीलवार वर्णन केले, तेव्हा दात काढल्यानंतर त्या खोबणीतून स्राव वाहू लागलेल्या एका स्त्रीची हकिकतही नोंदवली. आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही असे रुग्ण प्रतिजैविकांचे एकामागून एक डोस घेत राहतात. दाढेचा उपचार होईपर्यंत त्यांचा सायनस पूर्ण बरा होत नाही.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर मुलाने नाकात काहीतरी घातले आहे असे धरूनच चालावे: वाटाणा, हरभरा, स्पंजाचा तुकडा, मणी. घड्याळातील बटणासारखी बॅटरी असेल तर काही तासांत नाकाचा पडदा भाजून निघतो. तिथे उद्याची वाट पाहू नये. मोठ्यांमध्ये एकाच बाजूला रक्तमिश्रित स्राव किंवा वाढत जाणारे चोंदणे असेल, तर गाठ नाही ना, हे पाहून घ्यावे लागते.

ज्याचा वास त्यालाच येत नाही

नाकाच्या दुर्गंधीचे वर्णन आयुर्वेदातही आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग सांगितले आहेत. त्यांत ‘पूतिनस्य’ नावाच्या रोगात नाक आणि तोंड या दोन्हींवाटे दुर्गंध बाहेर पडतो, असे म्हटले आहे. नाकाचा रोग तोंडावाटे बोलतो, हे त्या वैद्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आधुनिक वैद्यकात त्याच्याशी बरेचसे जुळणारा आजार म्हणजे नाकाचे अस्तर झिजत जाणे. यात नाकाची पोकळी उलट रुंद होते, आत हिरवट खपल्या धरतात आणि वास इतका तीव्र असतो की खोलीत कोणी थांबत नाही. मात्र गंध ओळखणारे अस्तरही झिजल्यामुळे रुग्णाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. उष्ण, कोरड्या प्रदेशांत आणि तरुण स्त्रियांत हा आजार अधिक दिसतो. आपल्यापासून लोक का दुरावतात हे न कळणाऱ्या अशा व्यक्तीला दोष देण्याऐवजी नाकाच्या डॉक्टरांकडे नेणे हेच आप्तांचे काम.

तपासणी आणि उपचार

ज्याला केवळ वासाची तक्रार आहे, त्याने आधी दंतवैद्यांकडे जावे. हिरड्या आणि दाढा तपासून घ्याव्यात, वरच्या दाढांचा एक्स-रे काढून घ्यावा. नाक चोंदणे, स्राव किंवा गंध कमी होणे यांची जोड असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवावे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि गोवा दंत महाविद्यालय दोन्ही असल्यामुळे गोमंतकीय रुग्णाला हे एका फेरीत जमू शकते. ग्वाल्हेरमध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जयारोग्य रुग्णालय हे लष्कर परिसरातील लोकांचे नेहमीचे ठिकाण आहे.

तज्ज्ञ नाकात बारीक दुर्बीण घालून पोकळ्यांच्या तोंडाशी पू आहे का, मांस वाढले आहे का, हे पाहतात. गरज वाटली तर सीटी स्कॅन करतात. साध्या एक्स-रेवरून सायनसचा निर्णय आता सहसा घेत नाहीत. ऐन सर्दीत स्कॅन काढला तर साध्या सर्दीतही पोकळ्या भरलेल्या दिसतात आणि नाहक घबराट होते.

दीर्घकालीन सायनुसायटिसच्या उपचाराचा पाया दोन साध्या गोष्टींवर उभा आहे: मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. फवाऱ्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून तो सोडू नये. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याच्या दिशेने धरावी. ‘स्टिरॉइड’ या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. फवाऱ्यातील मात्रा अल्प असते आणि बहुतांशी नाकापुरतीच काम करते.

नाक धुण्याची कल्पना हठयोगातील जलनेतीमुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे, विहिरीचे किंवा तळ्याचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २०११ मध्ये नेतीच्या भांड्यात नळाचे पाणी वापरणाऱ्या दोघांचा मेंदूत अमिबा शिरल्याने मृत्यू झाला. हा अमिबा पाणी प्यायल्याने बाधत नाही, नाकातून गेला तर मात्र मेंदूपर्यंत पोचतो, आणि चिमूटभर मिठाने तो मरत नाही. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अमिबाजन्य मेंदुज्वराचे जे रुग्ण आढळले, त्यानंतर किनारपट्टीवरील आपणा सर्वांनी ही खबरदारी घेतलीच पाहिजे. भांडेही रोज धुऊन कोरडे करावे.

प्रतिजैविके प्रत्येक सर्दीला लागत नाहीत, कारण सर्दी विषाणूंची असते. दहा दिवसांनंतरही त्रास उतरला नाही, किंवा उतरत आलेला त्रास पुन्हा उसळला, तर डॉक्टर त्यांचा विचार करतात. दुकानातून आणून दोन दिवस घेणे आणि बरे वाटताच सोडणे, याने जिवाणू निर्ढावतात. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरू नयेत. पुढे ते थेंबच नाक बंद करू लागतात आणि माणूस त्यांच्या आहारी जातो. औषधे दोन-तीन महिने नीट घेऊनही पोकळ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. चेहऱ्यावर टाका न घालता सायनसची दारे मोकळी करणारी ही पद्धत १९८० च्या दशकात जगभर रुळली. शस्त्रक्रियेनंतरही नाक धुणे चालूच ठेवावे लागते.

काही खुणा दिसताच मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे: डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप आणि मान आखडणे. मधुमेही रुग्णाच्या नाकात काळी खपली, चेहऱ्याला बधिरपणा किंवा एका बाजूला सूज आली, तर तासही मोलाचा असतो. २०२१ मधील काळ्या बुरशीच्या साथीने हा धडा देशाला फार महागात शिकवला.

चुळीची मर्यादा

तोंडाचा वास म्हणजे चूळ हे समीकरण बाजाराने घडवले आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात लिस्टरिनच्या जाहिरातींनी ‘हॅलिटोसिस’ हा तोवर अनोळखी शब्द घरोघरी पोचवला आणि त्यावर बाटली हा उपाय ठरवून टाकला. चुळीचे औषध जिभेवरचे जिवाणू काही तास कमी करते, पण गालाच्या हाडातील पोकळीत ते पोचत नाही. अल्कोहोलयुक्त चुळीने काहींचे तोंड अधिक कोरडे पडते. क्लोरहेक्सिडिनची चूळ आठवडेच्या आठवडे भरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. वेलची, लवंग, बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, एवढा फायदा खरा. पण तो तात्पुरता.

उपचाराला गुण येईपर्यंत रोजचा दिवस काढावा लागतो, त्यासाठी साध्या गोष्टी उपयोगी पडतात. सकाळ-रात्र जिभेच्या मागच्या भागावरून टंग क्लीनर हलक्या हाताने फिरवावा. दातांच्या फटी दोऱ्याने साफ कराव्यात. पाणी थोडे थोडे पीत राहावे. वाफेने घटकाभर बरे वाटते, पण मुलांना वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात, हे विसरू नये. दमट खोलीत गाद्या-उशा उन्हात घालाव्यात आणि भिंतीवरची बुरशी पुसून टाकावी.

सांगायचे कसे?

या आजारात औषधाआधी शब्दांची गरज पडते. आपल्याकडे वासाबद्दल बोलणे म्हणजे अपमान समजतात. म्हणून शेजारी नाकावर रुमाल धरतो, सहकारी खिडकी उघडतो, पण तोंडाने कोणी सांगत नाही. सांगितलेच तर चारचौघांत, हसत.

हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी घरच्यांची. गल्ल्यावरच्या त्या गृहस्थाची पत्नी दुकान बंद झाल्यावर, दोघेच असताना, एवढेच म्हणाली तरी पुरे: ‘अहो, तुमचं नाक बरेच दिवस चोंदलेलं आहे आणि श्वासाला वास येतोय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर.’ या वाक्यात दोष कुठेच नाही. त्यात लक्षण आहे, सोबत आहे आणि दिवस ठरलेला आहे. ‘तुम्ही दात घासत नाही का?’ या प्रश्नाने मात्र जो दिवसातून तीनदा दात घासतो, त्याचा धीर सुटतो.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. काही जणांच्या श्वासाला तपासणीत वास सापडत नाही, तरी तो येतोच अशी त्यांची खात्री असते. समोरच्याने नाक खाजवले तरी ते आपल्यामुळेच असे त्यांना वाटते. ती माणसेही खोटे बोलत नसतात. त्यांचा त्रास खरा असतो, मात्र त्यावरचा इलाज मानसोपचार तज्ज्ञांकडे असतो. आधी नाक, दात आणि घसा नीट तपासल्याशिवाय कोणालाही ‘हे तुझ्या मनात आहे’ असे सांगू नये.

पाटणकर बाजारातील त्या गृहस्थाला दाढेचे मूळ सापडेल, ॲलर्जी सापडेल, कदाचित केवळ जिभेवरचा थर सापडेल. काय सापडेल ते तपासणीच सांगेल. पण खिशातली वेलची बाजूला ठेवून तो ज्या दिवशी डॉक्टरांसमोर तोंड उघडून बसेल, त्या दिवसापासून गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलण्याची त्याची वाट मोकळी होऊ लागेल. गोव्यातील वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे कोणी असेल, त्यांनी हे संभाषण आज रात्रीच करावे.